तर्मुजीचं नाक

रुस्मियातीचा गुलाब जानेवारीत मेला, आणि तो तर्मुजीनंच मारला. मुद्दाम नव्हे, मायेपोटी. पण मायेपोटी म्हणून झाड थोडंच कमी मरतं?

झालं असं. उंगारान डोंगराच्या उतारावर पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि झाडं रडवेली होतात. तर्मुजीला वाटलं, बायको गेल्यापासून या झाडाच्या खाण्यापिण्याची आबाळच झाली. म्हणून त्यानं खालच्या आळीतल्या खुराड्यातून कोंबडीखताची दोन पोती आणली आणि बुंध्याशी ओतली. खत कच्चं होतं. इतकं कच्चं, की रस्त्याच्या वळणापासून त्याची घाण येत होती. पण जावातला माणूस दुसऱ्याच्या अंगणासमोर नाकाला हात लावत नाही. तो श्वास रोखतो, हसतो, "काय पाक, बागकाम चाललंय वाटतं?" म्हणतो आणि झपझप पुढं जातो. तिकडे मानानं बाप्याला 'पाक' म्हणतात, बाईला 'इबू'. आठ दिवस अख्खं गाव त्याच्या अंगणापुढून असं झपझप गेलं. तर्मुजीला वाटलं, पावसामुळे लोक घाईत आहेत.

नवव्या दिवशी शेंडे काळे पडले. मग तो काळेपणा फांदीफांदीनं खाली उतरत आला आणि महिनाअखेर बुंध्यापाशी पोचला. तर्मुजीनं नखानं साल खरवडून पाहिली. आत कुठेही हिरवं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी. ती त्या गावात तोवर कुणालाच ठाऊक नव्हती. तर्मुजीला वास येत नसे. सर्दी-पडशापुरता नव्हे, जन्मापासूनच. लहानपणी त्याला वाटायचं, लोक 'वास' म्हणतात ते कौतुकानं बोलायची एक रीत असेल. खरं काय ते कळेपर्यंत तो मोठा झाला होता, आणि मोठ्या माणसानं असलं काही सांगायचं कुणाला नि कशाला?

मग लग्न झालं. रुस्मियातीनं माहेरून आणलं काय, तर दोन बातिकची वस्त्रं, एक शिवणयंत्र आणि डब्यात खोचलेली गावठी गुलाबाची फांदी. तीन महिन्यांनी त्या फांदीला पहिलं फूल आलं. तिनं ते ओंजळीत धरून नवऱ्याच्या नाकाशी नेलं.

"कसा आहे?"

"छान."

"छान तर सगळेच म्हणतात हो. छान म्हणजे कसा?"

तर्मुजीच्या खिशात लवंगेच्या सिगारेटचं पाकीट होतं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून तो म्हणाला, "लवंगेसारखा. थोडासा."

रुस्मियाती त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो, माझ्या माहेरी बारा माणसं. आजवर एकालाही ती लवंग सापडली नाही. मला वाटायचं, माझ्याच डोक्यातलं खूळ आहे. तुम्हाला कशी हो सापडली?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सत्तावीस वर्षांचा नवरा, तीन महिन्यांची बायको, आणि तिच्या डोळ्यांत ते तसलं कौतुक. तुम्ही सांगितलं असतंत?

एकदा नेम लागला की माणसाला पुन्हा पुन्हा मारावा लागतो. रुस्मियातीला गुलाबांचं वेड होतं, आणि आता तिला जोडीदार मिळाला होता. एकाची अकरा झाडं झाली. लेकरू झालं नाही, पण झाडं झाली. रोज सकाळी नऊच्या आत ती एखादं फूल घेऊन उभी. "आज काय वाटतंय? कालच्यापेक्षा गोड?" तर्मुजी विजेचे मीटर वाचायच्या कामावर होता, घरोघर फिरायचा. रुस्मियाती आळीभर फुलं वाटायची आणि तर्मुजी मीटर वाचता वाचता सहज विचारायचा, "आमच्या हिनं दिलेलं पांढरं फूल कसं वाटलं हो?" एखादी म्हणायची, "पिकल्या पेरूसारखा वास होता पाक." झालं! संध्याकाळी पायरीवर गोड चहा पिताना तो विचार केल्यासारखा करून म्हणायचा, "रुस, त्या पांढऱ्यात मला आज पेरू लागला." आणि ती मांडीवर थाप मारायची. लोकांच्या नाकांवर त्यानं एकेचाळीस वर्षं संसार केला.

मग एका दुपारी तांदूळ निवडता निवडता रुस्मियाती सुपावरच कलंडली. तिच्यामागे कलमी झाडं एकेक करून गेली. राहिला होता तो माहेरचा गावठी, आणि तोही आता गेला होता.

नुसतं झाड गेलं असतं तर तर्मुजीनं मनाची समजूत घातली असती. पण एकोणीस जुलैला रुस्मियातीचा हजारावा दिवस येत होता. माणूस गेल्यावर तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा असे दिवस करत करत हजाराव्याला येऊन थांबायचं. त्या दिवसापर्यंत थडग्यावर दगड बसतो. त्यानंतर मेलेल्या माणसाचं आपल्याकडे काही मागणं उरत नाही आणि आपल्याला त्याच्यासाठी करायचं काही उरत नाही. दर गुरुवारी दुपारनंतर तर्मुजी तिच्या थडग्यावर फुलं घालून येत होता. पण हजाराव्या दिवशी तिच्याच अंगणात उगवलेला, वासाचा गुलाब तिच्यावर पडावा, एवढं एक त्याच्या मनानं घेतलं होतं. एकेचाळीस वर्षं खोटं बोललो, आता जाताना एक फूल तरी खरं द्यावं. ते फूल घालायचं आणि मग सगळे पांगले की तिच्याशी खरं बोलायचं. वाक्यसुद्धा त्यानं ठरवून ठेवलं होतं. 'रुस, मला कधीच वास आला नाही.' एवढंच.

फेब्रुवारीत तो सडकेवरच्या रोपवाटिकेत गेला. तिथं गुलाब ओळीनं उभे होते, एकापेक्षा एक टवटवीत. एका झाडाचं फूल वाटीएवढं, रंग तोच, रुस्मियातीच्या गुलाबाचा.

"याला वास आहे ना?" त्यानं विचारलं.

"वास? अहो पाक, तुमचं घर भरून जाईल!" दुकानदार म्हणाला. "घ्या, स्वतःच बघा की."

आली का पंचाईत! तर्मुजीनं फुलात नाक खुपसलं, डोळे मिटले, मनातल्या मनात पाचपर्यंत मोजलं आणि मान डोलावली. सवय दांडगी होती. झाड घेऊन आला.

झाड लागलं छान. मार्चमध्ये फुललं, आणि फूल दहा-दहा दिवस मान ताठ ठेवून उभं राहायला लागलं. तर्मुजीची छाती फुगली. रुस्मियातीचा गुलाब दोन दिवसांत पाकळ्या टाकायचा. हा त्याच्यापेक्षा कितीतरी कणखर. त्यानं आळीत एकेक फूल वाटलं, अगदी तिच्यासारखंच. सगळ्यांनी हुंगलं. सगळे म्हणाले, "वा पाक, काय वास आहे!" मशिदीत बांग देणाऱ्या मोदिननं म्हटलं. समोरच्या कास्मीबाईनं तर डोळे मिटून म्हटलं, "अगदी इबू रुसची आठवण आली हो."

तर्मुजी त्या रात्री फार दिवसांनी शांत झोपला.

एप्रिलच्या मध्यावर शेजारची तिउरमा परत आली. तिउरमा बाताक जमातीची, सुमात्रातल्या मोठ्या तळ्याच्या काठची. नवरा लष्करात होता, बदली होऊन इकडे आला, निवृत्त झाला आणि इथंच वारला. ती आंबारावाच्या दवाखान्यात नर्स होती. बावीस वर्षं या गावात काढूनही ती पहिल्या दिवसासारखीच मोठ्यानं बोलायची. भात कच्चा असेल तर कच्चा म्हणायची, आणि तेही यजमानाच्या तोंडावर. गाव तिला मान देई, आणि होता होईल तो तिच्या घरी जाणं टाळी. ती लेकीच्या बाळंतपणासाठी मेदानला गेली होती. चार महिन्यांनी आली तशी बॅग दारात टाकून कुंपणाशी आली.

"इबू तिउर, कधी आलात? नातू कसा आहे?"

"नातू आजोबांवर गेलाय, बिचारा. पाक, इबू रुसचा गुलाब कुठं गेला?"

"तो... गेला. हा नवीन लावलाय." तर्मुजीनं एक फूल तोडून कुंपणावरून दिलं. "हुंगा तर. सगळे म्हणतात, अगदी तिच्या गुलाबासारखा आहे."

तिउरमानं हुंगलं. उलटं करून हुंगलं. पाकळी चुरगाळून पुन्हा हुंगली.

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळेच."

"मग सगळ्यांना औषध द्यायला पाहिजे. अहो, याला काही म्हणता काही वास नाही! कागद आहे हा. कागदाला तरी येतो." ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही हा हुंगून घेतलात?"

तर्मुजीनं तोंड उघडलं. वर्षानुवर्षं अशा वेळी काहीतरी सुचायचं. या वेळी सुचलं नाही. त्यानं कुंपणाचा बांबू धरला.

"मला वास येत नाही," तो म्हणाला.

"कधीपासून? सर्दी झाली होती का?"

"जन्मापासून."

तिउरमा हसली. मग थांबली. "आणि इबू रुसला हे..."

"नाही."

"एकेचाळीस वर्षं?"

"हो."

"अरे देवा," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला. "या गावातला सगळ्यात मोठा थापाड्या माझ्या शेजारी राहतो, आणि मला पत्ता नाही!"

तर्मुजीला वाईट वाटायला हवं होतं. उलट त्याला हलकं वाटलं. त्यानं तिला सगळं सांगितलं. खताचं, दुकानदाराचं, हजाराव्या दिवसाचं. ती हाताची घडी घालून ऐकत होती.

"हे फूल किती दिवस टिकतं?" तिनं मध्येच विचारलं.

"दहा. कधी बारा."

"मग तिथंच कळायला पाहिजे होतं! इबू रुसनंच मला शिकवलंय. जाड पाकळीचं, दिवसेंदिवस टिकणारं फूल ते मुकं. वासाचं फूल पातळ असतं, हातात घेतलं की सांडतं. झाड घेताना फूल बघायचं नाही, खाली पडलेल्या पाकळ्या बघायच्या. हे मला, परक्या बाईला ठाऊक. तुम्हाला तिनं सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. शंभरदा सांगितलं असेल. पायरीवर, चहा पिताना, ती हात हलवत सांगत असायची आणि तर्मुजी "हं, हं" करत असायचा. वासाचं बोलणं निघालं की त्याचं सगळं लक्ष आपण काय उत्तर द्यायचं यातच असे. ती काय सांगतेय ते त्यानं ऐकलंच नव्हतं. नाक नव्हतं, यात त्याचा काय दोष? पण कान तर होते. हे त्याला आत्ता, कुंपणापाशी उभं असताना कळलं, आणि फार लागलं.

"चला," तिउरमा म्हणाली. "परवा बाजाराचा दिवस आहे. मी हुंगते, तुम्ही पैसे द्या."

बांदुंगानच्या बाजारात दोघं सकाळी सातलाच पोचली. ऊन चढलं की वास उडून जातो, हेही रुस्मियातीचंच. तिउरमा ओळीनं हुंगत निघाली, आणि प्रत्येक दुकानदाराच्या तोंडावर निकाल देत गेली.

"हा साबण. हा खोकल्याचं औषध. हा... हा आधी येतो आणि मग पळून जातो, नको. हा काहीच नाही, नुसता मुखडा. काय हो, याला वासाचा म्हणून विकता? देवाला भ्या जरा."

दुकानदार नम्रपणे हसत होते. तर्मुजी मागून माफी मागत चालला होता.

अगदी टोकाला, भाज्यांच्या बाजूला, एक म्हातारी चार काळ्या पिशव्या मांडून बसली होती. झाडं खुरटी, डोळा भरलेली कलमं नव्हेत, साध्या फांदीपासून मुळं धरलेली. एकाला फूल होतं, फिकट, विस्कटलेलं, वाटीच्या निम्मंही नाही. पिशवीतल्या मातीवर पाकळ्या सांडल्या होत्या. तिउरमा वाकली.

तिनं फूल नाकाशी धरलं.

तर्मुजी वाट बघत उभा राहिला. तिउरमानं पुन्हा एकदा हुंगलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. तिचा खालचा ओठ लहान मुलीसारखा आत ओढला गेला होता.

"काय झालं?"

"गप्प बसा जरा."

थोड्या वेळानं तिनं नाक शिंकरलं. "आई रविवारी चर्चला जायची. जायच्या वस्त्रांच्या घडीत शनिवारी फुलं घालून ठेवायची. बास, तेवढंच. तीस वर्षं झाली तिला जाऊन. हे घ्या. घासाघीस करू नका."

पण तर्मुजी झाडाकडे बघतच नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत होता. म्हणजे असं होतं तर! फूल नाकाशी नेलं की माणूस कुठल्या कुठं जाऊन येतो, आणि ते सगळं चेहऱ्यावर दिसतं. रुस्मियातीच्या चेहऱ्यावर हे रोज सकाळी दिसत असणार. एकेचाळीस वर्षं ती त्याच्यासमोर उभी होती, आणि तो आपला फुलाकडे बघून उत्तर शोधत बसला होता. तिच्या तोंडाकडे एकदा जरी बघितलं असतं तरी पुष्कळ कळलं असतं. भर बाजारात तो हातात नोटा धरून तसाच उभा राहिला. म्हातारीला वाटलं किंमत जास्त झाली, तिनं आपणहून कमी केली.

या वेळी तर्मुजीनं घाई केली नाही. पूर्वेच्या भिंतीशी, सकाळचं ऊन पाच तास मिळेल अशी जागा धरली. खड्ड्याच्या तळाशी फुटकी कौलं आणि वाळू घातली, माती उंच चढवली, पाणी थांबायला नको. बकरीची लेंडी आणली ती तिउरमाला दाखवून. ती रोज कुंपणावरून मूठभर हुंगायची.

"अजून कच्चं. थांबा."

आठ दिवसांनी, "अजून थोडं."

तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "हं. आता मातीसारखा येतोय. घाला."

पहिल्या चार कळ्या आल्या त्या त्यानं बोटांनी खुडल्या. जीव तुटला, पण झाड अंगानं भरायला हवं होतं. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात शेंडे छाटले. छाटणीपासून फुलापर्यंत पंचेचाळीस दिवस, हे मात्र त्याला आठवत होतं, कारण त्यात वास नव्हता. एकोणीस जुलैपासून मागं मोजून त्यानं तारीख धरली होती.

ते दिवस तसे बरे गेले. पण संध्याकाळी तिउरमा आपल्या घरात गेली, तिच्या रेडिओवरची गाणी सुरू झाली, की अंगणात तो आणि झाड एवढंच उरायचं. आधीही तो एकटाच होता, पण तेव्हा ओठांवर एक थाप तयार ठेवायची सवय होती, ती सोबतीसारखी होती. आता ती थाप ऐकणारं कुणी नव्हतं आणि खरं ऐकायचं ते माणूस मातीखाली होतं. तो पायरीवर बसून ठरवलेलं वाक्य पुटपुटायचा. कधी कधी त्याला वाटायचं, ती चिडेल. मग वाटायचं, चिडली तर बरंच.

एकोणीस जुलैला सकाळी झाडावर सात फुलं होती. तिउरमा उजाडताच आली, सातही हुंगली आणि म्हणाली, "उत्तम. दहाच्या आत पोचवा." तर्मुजीनं विचारलं नाही की उत्तम म्हणजे कसा.

दगड आदल्या दिवशीच बसला होता. थडग्याभोवती शेजारपाजारची वीसेक माणसं जमली. सालातिगाहून रुस्मियातीची धाकटी बहीण वार्सिनी आली होती, बाजारातल्या फुलांची मोठी टोपली घेऊन. तिउरमा कबरस्तानाच्या फाटकाबाहेर छत्री उघडून उभी राहिली. या प्रार्थना आपल्या नाहीत, मध्येच लुडबुड कशाला, असं तिचं म्हणणं.

मोदिननं दुआ म्हटली. सगळ्यांनी हात उघडे धरले. मग वार्सिनीनं टोपली रिती केली, आणि त्यावर तर्मुजीनं आपली सात फुलं ठेवायला हात पुढं केला. ठेवताना तीन फुलं हातातच सांडली. पाकळ्या नव्या दगडावर पडल्या, वाऱ्यानं जरा सरकल्या.

वार्सिनीनं एक पाकळी उचलून नाकाशी नेली आणि ती रडायला लागली.

"दाजी," ती म्हणाली, "तुम्ही अजून झाड लावता?"

"लावलं. एकच."

"ताई काय म्हणायची माहितेय? मला म्हणायची, वार्सी, तुझ्या नवऱ्याला फूल दिलं तर तो हं म्हणेल आणि पेपर वाचेल. माझ्या माणसाला दे, तो त्यात काय काय आहे ते मला सांगेल." तिनं पदरानं डोळे पुसले. "लेकरू नाही झालं तेव्हा लोक तिला काहीबाही बोलायचे. माझ्याकडे यायची, रडायची. मी म्हणायचे, ताई, कसं गं सहन करतेस? तर म्हणायची, अगं, मला जे लागतं ते त्यांनाही लागतं. या जगात मी एकटी हुंगत नाही. एकटीनं हुंगायला लागलं असतं ना, तर झाडं कधीच उपटून टाकली असती."

तर्मुजी दगडाकडे बघत राहिला. कास्मीबाई त्याच्या कानाशी म्हणाली, "काय वास आहे हो पाक!" आणि या वेळी ते खरं होतं.

माणसं हळूहळू घराकडे वळली. घरी आपेमच्या, म्हणजे तांदळाच्या गोड पोळ्यांच्या, पराती भरून ठेवल्या होत्या, पाहुण्यांना चहा द्यायचा होता. वार्सिनीनं मागं वळून पाहिलं. तर्मुजीनं हातानं खूण केली, तुम्ही व्हा पुढं.

तो एकटा थडग्यापाशी उकिडवा बसला. वाक्य तयार होतं. सहा महिने घोळवून घोळवून गुळगुळीत झालं होतं. त्यानं ओठ उघडले.

पण ते आता म्हणायचं कुणाला? सांगून त्याचं ओझं उतरलं असतं, यात शंका नव्हती. पण उतरवून ठेवायचं कुठं? तिच्या छातीवर? ती सुखानं गेली होती. आपल्याला जे लागतं ते या माणसालाही लागतं, हे घेऊन ती गेली होती. ते तिच्या हातातून काढून घ्यायचा त्याला काय हक्क होता? आपण तिला काही दिलंच नाही, असं तो इतके महिने समजत होता. दिलं होतं, आणि जे दिलं होतं ते खोटं होतं, आणि ते परत मागता येत नव्हतं. ती एकटी नव्हती. ती एकटी राहू नये म्हणून तो एकटा होता, आणि आता शेवटपर्यंत राहणार होता.

त्यानं वाऱ्यानं सरकलेल्या पाकळ्या गोळा करून पुन्हा दगडाच्या मधोमध ठेवल्या आणि गुडघ्यांवर हात टेकून उठला.

फाटकापाशी तिउरमा होतीच. ऊन चढलं होतं.

"सांगितलंत?"

"नाही."

वार्सिनी काय म्हणाली ते त्यानं तिला शब्द न् शब्द सांगितलं. सांगून झाल्यावर तो मान खाली घालून थांबला. आता ही बोलणार. थापाड्या म्हणणार, भित्रा म्हणणार, शेवटच्या दिवशीसुद्धा तुम्हाला धीर झाला नाही म्हणणार. त्याला ते हवं होतं. या जगात एक तरी माणूस त्याच्या तोंडावर खरं बोलणारं होतं, आणि ते आत्ता जे बोलेल त्यावर तो उरलेले दिवस काढणार होता.

तिउरमानं छत्री या हातातून त्या हातात घेतली. रस्त्याकडे पाहिलं.

"बरं केलंत," ती हळूच म्हणाली.

तर्मुजीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. बाजारात पाहिलं होतं तसं, नीट, वेळ घेऊन. पण ती पलीकडे बघत होती, आणि तिच्या आवाजात आज एक मऊपणा होता, जो त्यानं 'वा पाक, काय वास आहे' म्हणणाऱ्या या गावातल्या प्रत्येक माणसाच्या आवाजात ऐकला होता. बावीस वर्षं झाली होती तिला इथं येऊन. बावीस वर्षांत माणूस काहीही शिकतं.

"खरंच?" असं विचारावंसं त्याला वाटलं. पण त्यावर ती हो म्हणाली असती. तिनं छत्री त्याच्या डोक्यावर अर्धी धरली आणि दोघं पाहुण्यांकडे चालायला लागली.